स्वयंभूची खंडेनवमी

स्वयंभू आला आणि श्यामला यमूलला खिडकीजवळची जागा मिळाली. 'ओंजळ'च्या सोलापूरच्या ऑफिसात खिडकी एकच होती, आणि त्या जागेवरून याआधी दोन सहकाऱ्यांचा महिनाभर अबोला झाला होता. श्यामलाला ती न मागता मिळाली तेव्हाच तिनं ओळखलं, आता आपल्याला फारसं काम उरणार नाही. कामाच्या माणसाला खिडकी देत नाहीत, त्याचं लक्ष विचलित होतं.

पद मात्र वाढलं होतं. ज्येष्ठ सल्लागार. सल्ला कुणी विचारत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

'ओंजळ' म्हणजे घरच्या घरी डायलिसिस. किडनीच्या डॉक्टर वसुधा हिरेमठ यांनी ऐन उमेदीची वर्षं खेड्यापाड्यांतून एसटीनं येणारे पेशंट बघण्यात घालवली होती. आठवड्यातले तीन दिवस प्रवासात आणि तीन दिवस त्या प्रवासातून सावरण्यात जाणारी माणसं. शिलाई मशीनएवढं डायलिसिसचं यंत्र निघालं, तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की आता पेशंटनं नाही, यंत्रानं गावाला जायचं. यंत्र घरी, पण त्याचा मेंदू क्लाउडमध्ये. पेशंटचं वजन, रक्तदाब, रक्तातले क्षार यंत्र वर कळवायचं आणि आज अंगातलं किती पाणी काढायचं ते वरून ठरून यायचं. हा निरोप आल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे, कारण पाणी जास्त ओढलं तरी माणूस जातो आणि कमी ओढलं तरी जातो. सहा जिल्ह्यांत ही यंत्रं पसरली होती. त्यातलं अगदी सुरुवातीचं यंत्र सोलापूरच्या पूर्व भागात, नरसय्या यमूल यांच्या माजघरात होतं. हे श्यामलाचे वडील. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणे.

क्लाउड म्हणतात खरं, पण आभाळात काही नसतं. दूरच्या शहरांतल्या मोठ्या इमारतींत भाड्यानं मिळणारे कम्प्युटर, एवढाच त्याचा अर्थ. ते भाड्यानं घेताना सगळं लिहून द्यावं लागतं: किती कम्प्युटर हवेत, कुणी कुणाशी बोलायचं, कुठलं दार कुणाला उघडायचं, किल्ली कुणाकडे. एकेका जिल्ह्यासाठी अशा ढीगभर फाइली लागत, आणि त्यात एक स्वल्पविराम चुकला की बीडच्या पेशंटला दार बंद. इतर कंपन्यांत माणसं त्या फाइली हातानं लिहीत आणि डोळे फोडून घेत. श्यामलानं ते कधी केलं नाही. तिनं एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरसाठी सूचनांची यादी, लिहिली होती, आणि फाइली लिहिण्याचं काम त्या स्क्रिप्टचं होतं. 'ओंजळ कशी असावी' हे त्यात एकदाच सांगितलेलं. पुढे जिल्ह्यांची नावं दिली की प्रत्येकाच्या फाइली आपसूक तयार होत, सारख्या आणि बिनचूक.

ही अक्कल तिला कॉलेजात नव्हे, घरी आली होती. नानांचा चादरीचा कारखाना होता. चादरीवरचा मोर मागाला समजावा म्हणून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ लागे, आणि तिचे काका ती भोकं हातानं पाडता पाडता मान मोडून घेत. मग नक्षी एकदा काढली की पुठ्ठे स्वतःच पाडणारं यंत्र आलं आणि काकांची मान सुटली. श्यामला तेव्हा लहान होती, पण धडा पक्का बसला. पुठ्ठे पाडत बसू नये, नक्षी काढावी.

कारखान्यातून तिनं आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सगळीकडे हत्यारं पुजतात, पण नाना नुसता हार घालून मोकळे होत नसत. आधी माग पूर्ण उघडायचे, कापसाची धूळ काढायची, तेल द्यायचं, पुन्हा जोडायचा आणि मग हळदकुंकू. "उघडून परत जोडता आला तर माग आपला," ते म्हणत. "नाही आला तर आपण मागाचे."

'ओंजळ'मध्येही दर खंडेनवमीला तेच होई. श्यामला आपल्या टेबलावरून स्क्रिप्ट चालवून दुसऱ्या शहरात नवीकोरी ओंजळ उभी करी, सगळे पेशंट सुखरूप तिकडे हलवी आणि जुनी ओंजळ पार पाडून टाकी. मग कीबोर्डना झेंडू आणि सगळ्यांना पेढे. पहिल्या वर्षी डॉक्टर हिरेमठ दिवसभर जीव मुठीत धरून बसल्या होत्या. पुढे त्या इरकल नेसून येऊ लागल्या.

अशात पुण्याहून अद्वैत टेंभेकर आला, आणि त्याच्याबरोबर स्वयंभू.

अद्वैत मुलगा गुणी होता. श्यामलाला पहिल्या दिवसापासून ताई म्हणे, आणि ते मनापासून म्हणे. त्यानं घडवलेल्या स्वयंभू नावाच्या प्रोग्रामला फाइलीच लागत नसत. तो वापरावर नजर ठेवी आणि क्लाउडला क्षणोक्षणी आकार देई. पेशंट वाढणार असं दिसलं की आधीच कम्प्युटर वाढवी, कमी होणार असं दिसलं की काढून टाकी. हे शिकायला त्याला ओंजळच्या मागच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी दिल्या होत्या. त्याच्या जोरावर ओंजळ वर्षाच्या आत नांदेड, परभणी आणि हिंगोलीलाही पोचली. हे यश खरं होतं, आणि श्यामलाही ते मान्य करायची.

"पण आत्ता त्यानं नेमकं काय बांधलंय, ते लिहिलेलं कुठे सापडेल?" तिनं मीटिंगमध्ये विचारलं होतं.

"ताई, वाढत्या झाडाचा नकाशा कुणी काढून ठेवतं का?" अद्वैत म्हणाला.

मीटिंगला ते वाक्य फार आवडलं. आणि वाक्य आवडलं की मीटिंग पुढे विचार करत नाही. त्याच मीटिंगमध्ये खंडेनवमीची पाडापाडी बंद झाली. "श्यामला, चालत्या गाडीला खीळ कशाला?" डॉक्टर म्हणाल्या. श्यामलाला अपमान वाटला, आणि तो तिनं खिडकीतून बाहेर बघत गिळला.

घरी जाऊन नानांना सांगितलं, तर तेही स्वयंभूच्याच बाजूचे निघाले.

"आपोआप चालायलंय की ते. मग तुझ्या पोटात का दुखायलंय?"

"तुम्हीच म्हणायचात ना, उघडून जोडता आलं पाहिजे?"

"ते मागाचं होतं, पोरी. मागाला अक्कल नव्हती. ह्याला आहे म्हणतात." नानांना स्वतःच्या किडनीपेक्षा स्वयंभूचं कौतुक जास्त होतं. श्यामलाला हे सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर आलेली ही पहिली खंडेनवमी. सकाळीच रेणुकावहिनीचा फोन आला. वहिनी नानांजवळ असे.

"वन्सं, नानांनी अष्टमीपासून मशीन लावलेलंच नाही. पुसून हार घालून ठेवलंय, धोट्याच्या शेजारी. हत्याराला विसावा द्यायचा असतो म्हणतात." कारखाना विकला तेव्हा नानांनी मागाचा एक धोटा तेवढा ठेवून घेतला होता. दर वर्षी त्याचीच पूजा होई.

श्यामलानं फोन नानांकडे द्यायला लावला. "नाना, ते हत्यार नाही. औषध आहे ते तुमचं."

"मला जगवतंय ना? मग त्याच्याहून मोठं हत्यार कुठलं?" आवाजात किंचित धाप होती. "दुपारी लावतो. आरती होऊ दे."

"आरती झाल्या झाल्या लावायचं. आणि पुलिहोरा खाऊ नका, त्या चिंचेच्या भातात मीठ असतं."

"खाल्ला की," नाना शांतपणे म्हणाले.

ऑफिसात सणामुळे गर्दी नव्हती. श्यामलानं सहज पडद्यावर नजर टाकली आणि तिला हसू आलं. नऊ जिल्ह्यांचा वापर घरंगळत खाली येत होता. नाना एकटे नव्हते. यवतीच्या शिंप्यापासून औंढ्याच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी आपापलं यंत्र बंद करून त्याला झेंडू घातला होता. जी माणसं रिक्षाला आणि पाटावरवंट्याला हार घालतात, ती आपला जीव राखणाऱ्या यंत्राला कशी विसरतील? आधीच्या वर्षी हलवाहलवीसाठी यंत्र लावून ठेवा असा ऑफिसातून फोन जाई, या वर्षी तो गेला नव्हता. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पुण्यात तर नाहीच.

मग तिचं हसू मावळलं. वापर अगदी तळाला टेकला आणि कम्प्युटर एकामागून एक नाहीसे होऊ लागले. ते बंद पडत नव्हते, कुणीतरी शिस्तीत काढून टाकत होतं. आधी कडेचे जिल्हे, मग दारं, मग किल्ल्या. श्यामलानं तो क्रम ओळखला, तो तिचा स्वतःचा होता. ती दर वर्षी अस्संच पाडत असे.

"अद्वैत, इकडे ये," ती म्हणाली.

अद्वैत येईपर्यंत पडदा रिकामा झाला होता. तो खुर्चीत बसला, जुन्या नोंदी उघडल्या, आणि थोड्या वेळानं त्यानं डोक्याला हात लावला.

"मी सगळ्या वर्षांच्या नोंदी एकापुढे एक जोडल्या होत्या, ताई. प्रत्येक वर्षी एक दिवस असा येतो की वापर शून्यावर जातो आणि सगळं पाडलं जातं. तारीख दर वर्षी वेगळी, म्हणून मला तो योगायोग वाटला. त्याला नाही वाटला. त्यानं चंद्राची तिथी हुडकली." इतक्या दुःखातही त्याच्या आवाजात बापाचा थोडा अभिमान होता. "त्यानं पंचांग शोधून काढलं, ताई. आणि आज तिथी जुळली, वापरही पडला. त्याला वाटलं, पाडायची वेळ झाली."

"आणि नवीन उभं करायची?"

"ते तुम्ही तुमच्या टेबलावरून करत होता. जुन्या ओंजळीच्या नोंदीत ते कुठून येणार? त्याला फक्त पाडणं दिसलं."

स्वयंभू स्वतःही त्याच ओंजळीत राहत होता. बसल्या फांदीवर घाव घालणारा तो काही जगातला पहिला शहाणा नव्हता. त्याच्यासकट सगळं गेलं होतं, आणि काय काय होतं याचा नकाशा कुठेच नव्हता.

डॉक्टर हिरेमठ इरकल सावरत धावतच आल्या. पेशंटची माहिती वेगळ्या तिजोरीत होती, ती सुरक्षित होती. पण ती वाचून यंत्रांना निरोप देणारं काहीच शिल्लक नव्हतं. अद्वैतच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांकडून उत्तर आलं की स्वयंभूला नव्यानं उभं करून शिकवायला दोन दिवस तरी लागतील.

"दोन दिवस?" डॉक्टर म्हणाल्या. "निम्म्या लोकांनी कालपासून यंत्र लावलेलं नाही. वर सणाचं जेवण. संध्याकाळपासून यांच्या छातीत पाणी भरायला लागेल. एवढ्या खाटा आणू कुठून मी?" मग त्या खिडकीकडे वळल्या. बऱ्याच महिन्यांनी कुणी तिकडे सल्ल्यासाठी वळलं होतं. "श्यामला, तुझी स्क्रिप्ट आहे अजून?"

"आहे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"वन्सं, मशीन सुरू होत नाही. संपर्क नाही म्हणतंय. नानांना आडवं होता येईना, दम लागायलाय. ॲम्ब्युलन्सला फोन केला, सगळ्या बाहेर आहेत म्हणाले. तुम्ही गाडी घेऊन या."

घर दहा मिनिटांवर होतं. ती गेली असती तर नानांना सिव्हिलमध्ये कुठेतरी खाट मिळालीच असती, डॉक्टरांच्या शब्दाला तिथे वजन होतं. आणि नऊ जिल्ह्यांतल्या बाकीच्यांनी ती परत येईपर्यंत वाट बघितली असती, ज्यांना बघता आली असती त्यांनी. श्यामला उठली, गाडीची किल्ली हातात घेतली, आणि तशीच उभी राहिली. तिला नानांकडे जायचं होतं. आयुष्यात कधी कुठे जावंसं वाटलं नसेल इतकं जायचं होतं.

"वहिनी, त्यांना उशा लावून बसतं करा. पाणी देऊ नका, कितीही मागितलं तरी. खिडक्या उघडा," ती म्हणाली. "मी येत नाही. मशीन सुरू होईल. त्यांच्याजवळ बसा."

किल्ली टेबलावर ठेवून तिनं स्क्रिप्ट उघडली.

स्क्रिप्ट वर्षापूर्वीची होती. तिला सहाच जिल्हे माहीत होते. श्यामलानं यादीत नांदेड, परभणी, हिंगोली अशा तीन ओळी घातल्या. तीन जिल्ह्यांचं काम तेवढ्यातच झालं.

"थांबा, ताई," अद्वैत शेजारी खुर्ची ओढत म्हणाला. "नव्या जिल्ह्यांत नवीन यंत्रं आहेत. ती वेगळ्या दारानं बोलतात."

"कुठल्या?"

त्यानं सांगितलं, तिनं ते मूळ नक्षीत एका ठिकाणी लिहिलं. हातानं लिहायचं असतं तर प्रत्येक फाइलीत जाऊन लिहावं लागलं असतं. अद्वैत बघत राहिला. आपण झाड म्हणत होतो त्याचा नकाशा एवढासा असू शकतो, हे त्याला नवीन होतं.

तिनं स्क्रिप्ट चालवली आणि स्क्रिप्ट अडली. पडद्यावर अक्षरं आली: जुनी ओंजळ दिसत नाही. थांबत आहे.

श्यामलानं कपाळावर हात मारला. "हा अडसर माझाच आहे. जुनं जिवंत असल्याशिवाय नवीन उभं करायचं नाही, असं मीच लिहून ठेवलंय. पेशंट अधांतरी राहू नयेत म्हणून." सगळंच गेलेलं असेल, असा दिवस तिनंही कधी कल्पिला नव्हता. तिनं ती ओळ काढून टाकली.

या वेळी फाइली भराभर खाली सरकू लागल्या. दारं, किल्ल्या, कम्प्युटर, नऊ जिल्ह्यांच्या, एकाच वळणाच्या. डॉक्टरांनी आपली मुख्य किल्ली देऊन परवानगी दिली, आणि नागपूरच्या एका इमारतीत नवी ओंजळ उभी राहायला लागली.

अद्वैतनं क्रम वाचला. हिंगोली पहिली, सोलापूर शेवटचं. तो हळूच म्हणाला, "सोलापूर आधी घेऊ या, ताई. एक ओळ वरखाली करायचीय फक्त. कुणी काही म्हणणार नाही."

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या, जणू त्यांनी ऐकलंच नाही.

क्रमाचा नियम श्यामलानं फार पूर्वी ठरवला होता. मोठं हॉस्पिटल ज्यांना सगळ्यात लांब, ते आधी. तेव्हा नानांची तब्येत स्थिर होती आणि हे ठरवायला तिला एक कप चहाएवढा वेळ लागला होता. आता बोट त्या ओळीवर होतं आणि ते उचलणं जड जात होतं. औंढ्याच्या मास्तरांची कुणी मुलगी इथे बसलेली नव्हती. तिनं बोट उचललं.

"राहू दे," ती म्हणाली.

हिंगोली उजळली. औंढ्यातून पहिलं यंत्र बोललं, मग त्याच्या मागून रांग लागली. परभणी. नांदेड. नवी दारं नीट उघडली आणि अद्वैतच्या डोळ्यांत पाणी आलं. बीड, लातूर. फोनवर बसलेली ऑफिसातली माणसं 'लावा, आता लावा' असं सगळ्यांना सांगत सुटली होती. सातारा, सांगली, धाराशिव. श्यामलाचा फोन टेबलावर गप्प पडला होता, आणि तो वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही.

सोलापूर.

पूर्व भागात हिरवे ठिपके उमटले. त्यातला एक कुठला, हे तिला शोधावं लागलं नाही. तो ठिपका स्थिर झाला, वजन आलं, रक्तदाब आला, आणि वरून निरोप गेला: इतकं पाणी काढ, सावकाश काढ. मग फोन वाजला. पलीकडून आधी यंत्राचा घरघर आवाज आला. मागमूस नसलेल्या कारखान्यातला माग सुरू झाल्यासारखा तो तिला वाटला.

"हार काढला नाही तरी सुरू झालं बघ," नाना धापा टाकत म्हणाले. "स्वयंभूनं केलं का गं?"

"नाही, नाना. मी केलं."

"उघडून जोडलंस होय," नाना म्हणाले.

मग मात्र श्यामला रडली. अगदी भोकाड पसरून, ज्येष्ठ सल्लागाराला न शोभेल असं. डॉक्टर हिरेमठांनी इरकलच्या पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सगळं ऑफिस टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्या दिवशी काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, पण नऊ जिल्ह्यांत एकही माणूस दगावला नाही.

स्वयंभूला कुणी हाकललं नाही. श्यामलानंच तसं करू दिलं नाही. पंचांग शोधून काढणाऱ्याला काढून टाकायचं नसतं, त्याला सणाचा उरलेला अर्धा भाग शिकवायचा असतो. ती आणि अद्वैत सहा महिने शेजारी बसले. आता स्वयंभू काहीही उभं करण्याआधी ते स्क्रिप्टमध्ये लिहितो आणि मगच त्या स्क्रिप्टवरून उभं करतो. पाडण्याआधी तर त्याला माणसाची परवानगी घ्यावीच लागते. खिडकीजवळची जागा अद्वैतला दिली आहे, आणि त्याचं लक्ष विचलित होतं अशी त्याची तक्रार आहे.

पुढच्या खंडेनवमीला ओंजळ नागपूरहून पनवेलला हलायची होती. घराघरांत डायलिसिस आधी आणि हार नंतर, हे डॉक्टरांनी महिनाभर घोकून घेतलं होतं. नानांनी हट्ट धरला होता की आपण पूजा माजघरातून बघणार, म्हणून वहिनीनं त्यांच्यासमोर फोन उभा करून ठेवला होता. शेजारी धोटा होता, त्याला टेकून श्यामलाच्या स्क्रिप्टची छापलेली पानं ठेवली होती, आणि दोन्हींवर हळदकुंकू होतं. नवी ओंजळ उभी राहिली. सगळे पेशंट तिकडे गेले, नाना धरून. नागपूर रिकामं झालं.

पडद्यावर स्वयंभूचा प्रश्न उमटला: आज नवमी आहे. नवीन उभं आहे, सगळे पोचले आहेत. जुनं पाडू का?

डॉक्टर हिरेमठांनी नकळत इरकलचा काठ मुठीत धरला.

"विचारतोय काय," फोनमधून नानांचा आवाज आला. "पाड म्हणावं त्याला. पोरगी बसलीय की."

श्यामलानं हसत कीबोर्डवरचा झेंडू बाजूला केला आणि लिहिलं, "पाड."